एल.एल.बी.चं पातेलं

एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा, अशा अवस्थेत तो अर्धा अर्धा तास बोलत उभा राहायचा. घरातून निघताना एक चप्पल घालायची, दुसरीत बोटं सरकवायची आणि तेवढ्यात काही आठवलं की तिथेच थांबायचं. उघड्या पायाचा तळवा तो दुसऱ्या पोटरीवर घासत राही. समोर आमचं फाटक, त्यामुळे हा देखावा मला फुकट दिसायचा.

"काय रे, निघालास की आलास?" मी विचारायची.

"निघतोच आहे काकू."

"आणि कॉलेजचं काय ठरलं?"

यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आमच्या उज्जैनला बोलतात तसं. "एक साल और करून घेतो, फिर देखते हैं."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नोकरी नाही म्हणून बेकार म्हणता येत नाही, कारण शिकतोय. शिकतोय म्हणून मुलगा म्हणता येत नाही, कारण कानशिलावर पांढरं दिसायला लागलंय. आमच्या माधव नगरातल्या गल्लीने हा घोळ सोपा करून टाकला होता. त्याला सगळे 'विद्यार्थी' म्हणत. दूधवाला म्हणे, इस्त्रीवाला म्हणे. कुरियरवाल्याने पत्ता विचारला तर पोरं माळवी थाटात भैयाचं 'भिया' करून सांगत, "विद्यार्थी भिया का घर? वो सामने, जहाँ एक चप्पल पड़ी है."

त्याचे वडील बँकेतल्या नोकरीमुळे तरुणपणी नाशिककडून इकडे आले आणि इथलेच झाले. आई सुगरण, बोलायला फटकळ, पण मनाने लोणी. मोठी बहीण लग्न होऊन नाशिकलाच गेलेली. हा धाकटा. आधी बी.एस्सी. झाला. मग म्हणाला विज्ञानात माणसं दिसत नाहीत, म्हणून समाजशास्त्रात एम.ए. केलं. त्यात माणसं फार झाली, म्हणून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर इतिहास. नापास कधी झाला नाही, तीच तर पंचाईत. नापास झाला असता तर कोणी तरी कान धरून बाहेर काढला असता.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उज्जैनातली मराठी घरं मिळून आम्ही दर श्रावणात मुलांचा गुणगौरव करतो. जो कोणी पदवी मिळवेल त्याला स्टीलचं एक भांडं, त्यावर त्याचं नाव आणि खाली पदवी कोरलेली. हार-तुरे वाळून जातात, भांडं घरात राहतं, असा जुन्या लोकांचा हिशेब. एका घरात साधारण एक किंवा दोन अशी भांडी असतात. विद्यार्थ्याच्या घरात त्यांचा संसार झाला होता.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. त्याची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, एम.ए. कुठंय? वरण काढायचंय."

"एम.ए.त कोशिंबीर आहे," हा म्हणाला.

"मग बी.लिब. दे."

"बी.लिब.त तूप."

"बी.एस्सी.चा डबा तरी रिकामा आहे का?"

"त्यात तर सेव आहे, आई."

"इतका शिकलास," ती म्हणाली, "आणि वेळेला एक भांडं रिकामं सापडत नाही." आम्ही हसलो, तीही हसली. त्याचे बाबा मात्र मान खाली घालून भात कालवत राहिले.

दुसऱ्यांच्या बाबतीत त्याचं डोकं फार स्वच्छ चालायचं. माझी मुलगी बारावीनंतर दोन महिने रडत होती. फार्मसी करू की कॉमर्स, कॉमर्स करू की आणखी काही. मी शाळेत गणित शिकवायची, पण हे गणित माझ्याच्याने सुटेना. एक दिवस हा फाटकापाशी एका चपलेवर उभा होता. तिला म्हणाला, "तुला दिवसभर उभं राहायला आवडतं की बसायला?"

"बसायला."

"लोकांशी बोलायला?"

"मुळीच नाही."

"कोणाची चूक सापडली की आनंद होतो?"

ती लाजली आणि म्हणाली, "हो."

"मग सी.ए. कर," असं म्हणून त्याने दुसरी चप्पल घातली आणि गेला. ती आज इंदूरला सी.ए. आहे, सुखात आहे, आणि माझ्या चुका अजून काढते. अशी गल्लीतली निम्मी पोरं त्याने मार्गाला लावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्याला तसं तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, "काकू, दुसऱ्याचं लांबून दिसतं ना. स्वतःचं फारच जवळ असतं."

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती आणि म्हणूनच बहुधा कोणी पाहत नव्हतं. त्याचं अक्षर. गणपतीच्या मांडवातला फलक त्याचा, लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते त्याचे, आमच्या दारावर 'कृपया गाडी लावू नये' हे त्यानेच लिहिलेलं. ते इतकं देखणं होतं की लोक वाचायला थांबत आणि वाचण्यासाठी तिथेच गाडी लावत. बी.एस्सी.त त्याला काय आवडलं होतं, तर आकृत्यांना नावं देणं. ग्रंथालयशास्त्रात पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या. हे तो सांगायचा, आम्ही हसायचो, पुढच्या गोष्टीवर जायचो. अक्षर चांगलं म्हणजे पोरगा वळणाचा, एवढाच आमच्या लेखी त्याचा अर्थ.

त्याच्या बाबांची निवृत्ती झाली तेव्हा या खेळात पहिल्यांदा गांभीर्य आलं. आईला नाशिकला जायचं होतं, लेकीजवळ, नातीजवळ. बाबांनाही. पण याच्या कॉलेजचं नक्की होत नव्हतं. इतिहासाचं एम.ए. झालं आणि हा म्हणायला लागला, आता कायदा करावा का? तो तीन वर्षांचा. आषाढीपासून तो हे सगळ्यांना सांगत सुटला होता. बाबा एके दिवशी त्याला म्हणाले, "करायचं तर कर. आम्ही आणखी तीन वर्षं इथे थांबतो. पण बाबा रे, एकदा ठरव." रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले.

प्रवेशाची शेवटची तारीख शनिवारी होती. मंडळाचा समारंभ रविवारी. त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणजे टेकला, एक चप्पल पायातच.

"काकू, करू का कायदा?"

"तुला वकील व्हायचंय?"

"छे. कोर्टात इतकी भांडणं असतात."

"मग कशाला करतोस?"

तो पायातली चप्पल अंगठ्याने हलवत राहिला. मग म्हणाला, "टावर चौकात पोहे खायला गेलं की कोणीतरी भेटतंच. 'और भिया, क्या कर रहे हो आजकल?' मी म्हणतो, एम.ए. कर रहा हूँ. तो म्हणतो, बढ़िया. बस, गाडी पुढे जाते. कॉलेज सोडलं की मी काय सांगू, काकू?"

"नुसतं सांगता यावं म्हणून शिकतोस होय रे?"

"नाही हो, शिकायला आवडतं मला. पहिलं वर्ष तर फारच आवडतं. दुसऱ्या वर्षी भीती वाटायला लागते, आता हे संपणार म्हणून."

मला तोपर्यंत वाटायचं की हा आळशी आहे, गोड आहे, पण आळशी. त्या संध्याकाळी कळलं की पोरगा घाबरलेला आहे. मला त्याची फार माया आली. उपाय काही सुचला नाही, म्हणून मी त्याला चहा दिला.

शनिवारी सकाळी मंडळाची भांडी आणायला मला फ्रीगंजच्या बाजारात जायचं होतं. त्याने स्कूटर काढली. "काकू, तुम्हाला सोडतो, तिथूनच कॉलेजच्या कामाला जातो. कॉम्प्युटरवाल्याकडे फॉर्म भरायचं दहा मिनिटांचं काम आहे."

"म्हणजे ठरलं?"

"तसंच समजा," तो म्हणाला. एवढं निरुत्साही 'ठरलं' मी कधी ऐकलं नव्हतं.

टावरपासून आत एका गल्लीत भांड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या कोपऱ्यात, जमिनीवर गादी टाकून, नावं घालणारे चाचा बसतात. हातात पेनासारखं विजेचं यंत्र, ते स्टीलवर टर्रटर्र चालतं. आम्ही पोचलो तर चाचांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. घरातल्या ओल्या पायरीवरून घसरले होते. पोत्यात भांडी तशीच कोरी.

"बहनजी, आपके दो ही हो पाए थे," चाचा ओशाळून म्हणाले आणि डाव्या हाताने एक पातेलं पुढे सरकवलं. त्यावर विद्यार्थ्याचं नाव आणि खाली 'एम.ए. (इतिहास)'. त्याने ते उचललं. ते दुसऱ्या, मोठ्या पातेल्यात बसवलेलं होतं. मोठ्यावरही त्याचंच नाव. खाली 'एल.एल.बी.'.

मी डोळे फाडून पाहत राहिले. मग उलगडा झाला. आमचे अध्यक्ष मोठे धोरणी. आषाढीला त्याच्या तोंडून कायद्याचं ऐकलं आणि एकात एक बसणारी पातेली पाहून दुकानात सांगून गेले की हा मुलगा काही चुकायचा नाही, पुढचंही आत्ताच घालून ठेवा. तीन वर्षांनी लागणारच आहे.

तो हसला. "काकू, माझं ॲडमिशन झालंय वाटतं. पास पण झालो."

मीही हसले. मग पाहिलं तर त्याचं हसू थांबलेलं होतं. तो ते पातेलं हातात फिरवत राहिला. "सगळ्यांना आधीच माहीत आहे," तो म्हणाला. "मी पुढे काय करणार ते." आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

मी विषय बदलायला चाचांना म्हटलं, उद्या समारंभ आहे, आता या कोऱ्या भांड्यांचं काय करायचं? चाचा म्हणाले, दुसरा कारागीर सणावारात कुठे मिळणार. तेव्हा हा म्हणाला, "एक बार मैं देखूँ, चाचा?"

"भिया, ये पेन नहीं है. फिसल गया तो बर्तन गया."

"एकच पाहतो."

चाचांनी एक जुनी, चेपलेली झाकणी दिली. त्याने तिच्यावर स्वतःचं नाव घातलं. पहिलं अक्षर थरथरलं, दुसरं कमी, तिसरं बसलं. चाचांनी झाकणी उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला आणि गादीवर सरकून जागा केली. "हाथ साफ है. बैठ जाओ."

आणि तो बसला. मी सांगते ते नीट पाहा, कारण मी ते स्वतः पाहिलं आहे. त्याने आधी एक चप्पल काढली. मग दुसरी काढली. दोन्ही दुकानाच्या पायरीखाली नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि मांडी घालून बसला.

मी थोडा वेळ थांबले. नंतर घरी आले, स्वयंपाक केला, जेवले, पडले. संध्याकाळी दिवेलागणीला तो भांड्यांचं पोतं स्कूटरवर घेऊन फाटकात उभा. बोटांची टोकं काळी, केसांत स्टीलची चकाकी.

"काकू, आज शनिवार होता का हो?"

"होता."

"पाचला बंद होणार होतं ते."

"झालं असेल."

त्याने पोतं खाली ठेवलं. मला वाटलं आता रडतो की काय.

"जाम भूक लागलीय," तो म्हणाला. मी त्याला दोन वेळचा भात वाढला, तो त्याने संपवला.

घरी त्याने काहीच सांगितलं नाही, आणि मीही चोंबडेपणा केला नाही. रविवारी समारंभाला त्याचे आईबाबा पहिल्या रांगेत. भांडी टेबलावर मांडलेली. अध्यक्ष एकेक उचलून त्यावरचं नाव मोठ्याने वाचत होते, पोरं येऊन नेत होती. विद्यार्थ्याचं आलं तेव्हा टाळ्या जरा जास्तच पडल्या, दरवर्षी पडायच्या. त्याने इतिहासाचं पातेलं घेतलं आणि तो वळला, तोच अध्यक्षांच्या हातात मोठं पातेलं राहिलं. आपलीच युक्ती ते विसरून गेले होते. त्यांनी सवयीने वाचलं, "आणि एल.एल.बी.!"

टाळ्या पुन्हा पडल्या. त्याची आई दचकली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं, असं दोघांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. तरी दोघांनी टाळ्या वाजवल्या. 

तो माईकपाशी गेला. "ते चुकून आलंय," तो म्हणाला. "मी एल.एल.बी. करत नाही. मी कॉलेज सोडलं."

अध्यक्षांनी ते पातेलं हळूच टेबलाखाली सरकवलं. आणि मागून कोणीतरी, कोण ते अजून कळलेलं नाही, नेमका तो प्रश्न विचारला. "मग आता करतोस काय?"

मी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या हातात जी भांडी आहेत ना," तो म्हणाला, "त्यांच्यावरची नावं मी घातलीत."

आधी एकाने पातेलं तिरकं धरून पाहिलं. मग शेजारणीने. मग सगळं सभागृह भांडी उलटसुलट करायला लागलं, पोरांच्या हातातली आया ओढायला लागल्या. कोणी अक्षरावर बोट फिरवतंय, कोणी शेजाऱ्याला दाखवतंय. खणखणाट नुसता. त्याच्या बाबांनी खिशातून चष्मा काढला, पलीकडच्या मुलीचं पातेलं मागून घेतलं आणि ते इतका वेळ वाचत बसले की त्यावर पूर्ण पोथी लिहिली असावी असं वाटावं.

घरी जे व्हायचं ते झालं. "चार पदव्या घेऊन भांड्यांवर नावं घालणार?" असं त्याची आई दोन दिवस म्हणत होती, आणि तिचं ते म्हणणं गैर नव्हतं. मी तिच्या जागी असते तर चार दिवस म्हटलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आपला बँकेत न्यायचा जेवणाचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

"यावर माझं नाव घाल. बँकेत नेहमी बदली व्हायचा."

"बाबा, आता कुठे बँकेत जायचंय तुम्हाला?"

"तू घाल रे."

त्याने घातलं. बाबा तो डबा घेऊन आमच्याकडे दाखवायला आले. त्यात काही नव्हतं, नुसता डबाच.

चाचांचा हात बरा झाला तरी तो तिथे बसत राहिला. मग पितळी पाट्या, दगडावरची अक्षरं, देवळांतल्या घंटांवरची दात्यांची नावं, असं एकेक शिकत गेला. टावर चौकात आता कोणी विचारलं की सांगायचा, "नाम डालता हूँ, भिया." समोरचा हमखास म्हणायचा, "मतलब?" मग तो पोह्यांची बशी खाली ठेवून सविस्तर समजावायचा. गाडी काही पटकन पुढे जायची नाही. पण त्याला आता घाई नव्हती.

आईबाबा त्याच दिवाळीला नाशिकला गेले. तोही दोन वर्षांनी गेला. तिथे तांब्यापितळेचा मोठा बाजार, त्याने लहानसं दुकान घेतलंय म्हणे. समोरच्या घरात आता एक नवं जोडपं राहतं. दोघंही सकाळी बूट घालून इतक्या झटपट निघून जातात की बोलायला सवडच होत नाही. मी अजून फाटकात उभी राहते. त्याची आठवण येते, अगदी रोज येते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

निघायच्या दिवशी तो निरोपाला आला होता. दोन्ही चपला बाहेर काढून आत आला आणि खुर्चीत नीट पाठ टेकून बसला. माझ्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना कागदात गुंडाळलेलं काही टेबलावर ठेवलं. "हे तुमच्याकडेच राहू दे काकू. नाशिकला नेलं तर आई त्यात रोज वरण करेल आणि रोज मला ऐकवेल."

एल.एल.बी.चं पातेलं. मी त्यात दही लावते. छान लागतं, जाड बुडाचं आहे.

पहिल्यांदा घासायला घेतलं तेव्हा चाचांच्या जुन्या अक्षराखाली हाताला काहीतरी नवं लागलं. दारात उजेडात नेऊन पाहिलं. बारीक, वळणदार, ओळखीचं अक्षर. 'एल.एल.बी.'च्या खाली त्याने कंस करून घातलं होतं, (प्रवेश घेतला नाही). आणि त्याच्याही खाली, काठाशी, आणखी एक ओळ: 'काकूंनी दोन वेळचा भात वाढला.'